काचेच्या दाराचा दवाखाना

“चपला बाहेर काढायच्या का?” काचेच्या दारापाशी सासूबाईंनी विचारलं.

“आई, खासगी दवाखाना आहे हा. इथं चपलेलासुद्धा मान आहे,” जावई म्हणाला.

बायकोला आत नेलं होतं. पहिलंच बाळंतपण. फरशी अशी चकचकीत, की पाऊल टाकायला जीव धजू नये. काउंटरवरची मुलगी हसून पाणी विचारत होती. आतून लेकीचं कण्हणं ऐकू आलं, की सासूबाईंचा पदर मुठीत गोळा होई.

“सरकारीत चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत म्हणे,” त्या पुटपुटल्या.

“असतील की! खुर्चीवर शाल असते, बाई नसते. तिथं माणूस मरायला टेकला तरी शिक्का मारणारा चहाला गेलेला. मला नका सांगू, मी ती जागा आतून ओळखतो. माझ्या बायकोला त्या उकिरड्यावर नाही टाकणार.”

“बरं बाबा. रजा किती दिवस मिळाली तुम्हाला?”

“मागत कोण बसतंय? आलो निघून.”

तेवढ्यात बाळाचं रडणं ऐकू आलं. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पण पाठोपाठ नर्स आली ती धावतच.

“मुलगी झाली. बाळ छान आहे. पण आईचं रक्त थांबत नाहीये. दोन पिशव्या लागतील, लगेच.”

“मग चढवा की!”

“आमच्याकडे कुठली रक्तपेढी? गावात एकच, सरकारी. सगळे खासगीवाले तिथूनच आणतात. आमचा माणूस मघापासून तिथं उभा आहे, पण दाराला कुलूप. ड्यूटीवरचा सकाळपासून उगवलाच नाही. फोनही बंद.”

सासूबाईंचा तोल सुटला. “मुडदा बसवला त्याचा! पगार खाऊन लोकांच्या लेकींच्या जिवावर उठलाय. आहे तरी कोण तो?”

जावई उठला आणि धावत सुटला.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या बोळात, बंद दारासमोर माणसं दाटली होती. कुणाची आई आत पडलेली, कुणाचं पोर. सगळ्यांच्या तोंडी एकच शिवी. तो पुढे घुसला तसा एका म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला.

“आम्ही काय इथं हवा खायला उभे आहोत? व्हा मागं. आधी तो हरामखोर येऊ द्या!”

त्यानं दंड सोडवला, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.