पावातलं बाळ

"जर्मनीतला कामगार तासाला जे घेतो ते तुम्हाला दिवसभरात मिळतं," कारखान्याचे मॅनेजर लोसानोसाहेब यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "पण होंडुरासातली बाई तुमच्याही निम्म्यात राबते. आणि इथे रेनोसात मजुरी दर जानेवारीला वाढतेच आहे. मालक हे सगळं बघतात, बायांनो."

"म्हणजे गाशा गुंडाळणार का?" दोमितिलाने सरळच विचारलं.

मोटारींच्या वायरी जोडण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. समोरच्याच कारखान्यात तिला जागा मिळत होती, पण होकार आजच कळवायचा होता. आपण होऊन सोडलं तर कारखाना बंद झाल्यावर मिळणाऱ्या चौदा वर्षांच्या भरपाईवर पाणी. थांबलं आणि हे लोक रातोरात पळाले, तर दोन्हीकडून गेलंच.

"छे गं! महिनाअखेरची एवढी मोठी ऑर्डर कोण पुरी करणार? चला, आधी पाव कापू."

सहा जानेवारी, नाताळानंतरचा तीन राजांचा सण होता. दरवर्षीसारखा गोल गोड पाव आला होता, आणि त्याच्या पोटात प्लास्टिकचं इवलंसं बाळ. ते ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे सारण भरलेले उंडे, खिलवायचे. यंदा सुरी साहेबांनीच हातात घेतली आणि पहिला तुकडाही स्वतःलाच वाढला.

"अरे देवा! मलाच की!" त्यांनी बाळ उंच धरलं.

"आता सुटका नाही हं, साहेब!" शेजारच्या टेबलावरची एर्मिनिया ओरडली. "आणि कोंबडीचे हवेत, नुसत्या मिरचीवर भागवायचं नाही!"

"कोंबडीचे. दिला शब्द!"

बाळ लागलेला माणूस तामाल चुकवून पळाला, तर रेनोसात त्याला तोंड दाखवायची सोय उरत नाही. दोमितिलाचा जीव भांड्यात पडला. तिने समोरच्या कारखान्याला नकार कळवला आणि महिनाभर मान मोडून काम केलं. ऑर्डर वेळेत गेली.

दोन फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी, फाटकाला कुलूप होतं. शनिवार-रविवारात सगळी यंत्रं उचलून नेली होती. बाया जाळीला धरून रडत होत्या. आणि फाटकाबाहेर एक बाई वाफाळतं पातेलं घेऊन बसली होती.

"घ्या गं, कोंबडीचेच आहेत. पैसे कधीच मिळालेत."

"मेल्याला जाताना तरी लाज वाटली म्हणायची," एर्मिनिया डोळे पुसत म्हणाली.

"जाताना कुठे?" तामालवाली म्हणाली. "तुमचा पाव कापायच्या आदल्या दिवशीच आले होते साहेब. फाटकाबाहेरच वाटा, म्हणाले."