सुपरहिरोंचा सत्कार

वाचनालयात लहान मुलांना सुपरहिरोची गोष्ट सांगायची म्हणून म्हाताऱ्या ग्रंथपाल सिद्रामप्पांनी पंधरा दिवस आरशासमोर तालीम केली. सगळा जन्म पुस्तकांच्या कपाटांत गेलेला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजूनही घाम फुटायचा. पण मरायच्या आधी एकदा तरी गोष्ट सांगायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पाच वाजता पंचवीस पोरं सुपरहिरोसारखे पाठीवर टॉवेल सोडून, गळ्याशी गाठ मारून सतरंजीवर येऊन बसली. पावणेसहाला त्यांना न्यायला रिक्षा येणार होत्या.

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आधी सत्कार झाले. अध्यक्षांच्या खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. मग उपाध्यक्ष, चिटणीस, देणगीदार. दोन टॉवेल उरले, तेव्हा निवेदकानं दारात उभे असलेले दोन मान्यवर शोधून काढले. "मी दोनच शब्द बोलतो," म्हणून उठलेले अध्यक्ष मुलांनी मोबाईल का सोडावा यावर वीस मिनिटं बोलले. तोवर उपाध्यक्षांनी मोबाईलवर सगळे निरोप वाचून काढले.

माईक सिद्रामप्पांच्या हातात आला तेव्हा पाच मिनिटं उरली होती. त्यांनी घसा खाकरला.

"बाळांनो, सुपरहिरो कुणी पाहिलाय का?"

पहिल्या रांगेतल्या चिमुकल्या समरानं स्टेजवरच्या टॉवेलवाल्यांकडे बोट केलं.

"ते काय, तिथं बसलेत की. पण आजोबा, ते उडून कधी जाणार?"