स्कोल्ड म्हणजे

"आई, स्कोल्ड म्हणजे?" रिक्षातून उतरता उतरता आदितीनं विचारलं. दुसरीच्या इंग्रजीच्या पुस्तकातला शब्द. उद्या त्याचं वाक्य करून न्यायचं होतं.

"रागावणं," वर्षाराणी म्हणाली. "आता आजोबा मला रागावतील बघ. आवाज मोठा हाय त्यांचा. भिऊ नकोस."

ऋषभशी, जैनांच्या घरात, पळून जाऊन लग्न केलं त्याला आठ वर्षं झाली होती. माहेरच्या दारात ती आज पहिल्यांदा येत होती. जयसिंगपूर सोडल्यापासून तिनं मनाची तयारी केली होती. हव्या तेवढ्या शिव्या देऊ देत. तोंडसुख घेऊन झालं की आण्णा आपणच म्हणतात, 'जेव आता.' त्या दोन शब्दांसाठीच ती कसबा बावड्यापर्यंत आली होती.

दार जोतीरामनंच उघडलं. लेकीकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं.

"या," तो म्हणाला. "बसा."

वर्षाराणीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"आक्का," त्यानं आतल्या बहिणीला हाक दिली, "च्या टाक. पावणं आल्यात."

चहा शोकेसमधल्या कपबशीतून आला. घरच्यांसाठी स्टीलचे पेले होते. आक्का डोळ्याला पदर लावून लगेच आत गेली.

"तुमच्याकडं पाऊसपाणी कसं हाय?" जोतीरामनं विचारलं.

"बरं हाय." ती पुढं सरकली. "आण्णा, बोला की मला काहीतरी. शिव्या द्या."

"तुमास्नी आमी काय बोलणार?"

"आई, कधी रागावणार?" आदिती तिच्या कानात कुजबुजली. तिला वाक्य पाहिजे होतं.

चहा संपला. वर्षाराणीनं उष्टी कपबशी फरशीवर ठेवली आणि मुद्दाम तशीच टाकून उठली. पूर्वी एवढ्यावरनं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, 'उष्टं तुझा बाप उचलणार व्हय गं?' ती पाठमोरी उभी राहिली. आता तरी ओरडतील. एकदाच ओरडू देत.

जोतीराम गुडघ्यावर हात टेकून उठला. वाकून त्यानं कपबशी उचलली.

ती घाईनं वळली, हात पुढं केला.

"असू द्या," तो म्हणाला. "पावण्यांनी उष्टं काढायचं नसतंय."