परक्या हाताची बाही

“बोटं सैल सोड गं बाळा,” पेटी शिकवणाऱ्या सरांचा तो मधाळ आवाज तीस वर्षं कुंदाच्या कानांत आंबत पडला होता. आज तेच सर चिरडलेला हात घेऊन इस्पितळात, परिचारिका झालेल्या तिच्यापुढं आडवे होते. तिनं तपासणीची बाही चढवली, तसं त्यांच्या हाताला जाणवेल ते तिच्या हाताला जाणवू लागलं. तो ओलसर, उबदार तळवा तिच्या कातडीखाली सरकला. तिनं त्यांचं एकेक बोट दाबून पाहिलं.

“किती बोटं जिवंत?” डॉक्टरांनी विचारलं. तिनं ‘मेली’ म्हटलं असतं, तर त्यांनी ती बोटं कापलीच असती.

“पाचही. वाचवा.”

“देवमाणसाचा हात हो तो!” दाराशी उभ्या सरांच्या सूनबाई गहिवरल्या.

कुंदानं बाही ओरबाडून काढली. “मी अकरा वर्षांची होते, सर. हाच हात पेटीवरून माझ्या अंगावर यायचा.”