सलामाला उभे

आखातातल्या खोर फक्कान बंदराला जाणारी ती डोंगरातली वाट म्हणजे सुकलेल्या ओढ्याचं पात्रच. याकूबने लॉरीच्या पाठीवर लाकडी खोली बांधून घेतली होती. तिच्यात स्टोव्ह, बिछाना आणि झोळीत निजलेली आठ महिन्यांची अन्वरी. ऊन कलत होतं, म्हणून वाटेतले धोंडे दाखवायला हमीदा नवऱ्याशेजारी पुढे बसली होती.

आईचा आवाज कानावर असला की अन्वरी शांत निजे. हमीदा मौलूद गाऊ लागली, रत्नागिरीच्या मोहल्ल्यात बायका पैगंबरांची स्तुती गातात तसा, घोळवून.

गाता गाता सलामाचं कडवं आलं तशी ती थबकली. "याला सगळे उभे राहतात हो."

"मी उभा राहिलो तर गाडी दरीत जाईल," याकूब हसला. "बसूनच म्हण. अल्ला जाणतो. यल्ला, चल, म्हण."

तिने सलामाची पहिली ओळ म्हटली.

मागच्या खोलीत फळ्या करकरल्या. पुष्कळ माणसांनी एकदम उठावं, कपडे सावरावेत, तसा आवाज झाला.

याकूबने गाडी थांबवली. "सामान सरकलं असेल," तो म्हणाला. पण स्टिअरिंगवरून त्याचे हात निघेनात.

मागे आता चिडीचूप होतं. पुढच्या ओळीसाठी मौलूदाला जमलेली मजलिस थांबते, तसं.

हमीदा उतरून मागे धावली. दाराची कडी बाहेरून लागलेलीच होती. बिस्मिल्ला म्हणून तिने कडीला हात घातला.

आत अन्वरी खुदखुदली. कुणी उचलून खांद्यावर घेतलं की हसते, तशी.