लाल टॅग

भिलाईच्या कारखान्यात दुरुस्तीला घेतलेल्या मशीनवर आपल्या नावाचा लाल टॅग लावायचा. ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. निवृत्त फिटर टिकाराम घरीही हाच नियम पाळायचे. जेवणाच्या टेबलावर जुन्या रेसिंग कारचं हातभर मॉडेल घडत होतं, त्यावरही टॅग. पत्नी रुक्माबाई धूळही आजूबाजूचीच पुसायच्या. तीन चाकांना तारेचे स्पोक बसले आणि लकव्यानं टिकारामांचा उजवा हात गेला. "टॅग काढा आता. मॉडेल पेटीत ठेवून देऊ. पाहवत नाही मले," रुक्माबाई म्हणाल्या. टिकारामांनी टॅग काढला. मग डाव्या हातानं वेडंवाकडं 'रुक्मा' लिहून नवा अडकवला आणि स्पोक बसवायचा चिमटा रुक्माबाईंसमोर सरकवला. आठवड्याभरात चौथ्या चाकात सात स्पोक बसले. एक वाकडा दिसताच टिकारामांनी बोट पुढे केलं. "हात नका लावू," रुक्माबाई म्हणाल्या, "टॅग माहा हाय."