उपासाची भाजी

"पेटी उघडा, अक्का," गोमती म्हणाली.

केशरबाईनं उघडली. विधवा नणंद, भावाच्या दारी राहणारी. तिच्या पेटीत असून असून काय असणार? दोन लुगडी, एक आरसा. गोमतीनं तीही झटकून पाहिली. बिस्किटाचा पुडा काही निघाला नाही.

"मंग पोरीले गहू देते कोण?"

पोर म्हणजे गोमतीची रुखमी. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं. दुष्काळी कामावरची गव्हाची सुकडी खाल्ल्यापासून ती वाळतच गेली होती. नागपूरच्या डॉक्टरनं तिच्या बापाला, शेषरावला, बजावलं होतं : हिला गहू म्हणजे जहर, कणभरही पोटात गेला तर लेकरू हाती लागायचं नाही. तेव्हापासून रिठदच्या या घरात पोळी नाही, शेवया नाहीत. ज्वारीची भाकर आणि वरण. पोट दुखू नये म्हणून गोमती त्या वरणात हिंग जरा सढळच टाकायची. आईची माया, दुसरं काय. तरी पोर खंगतच होती, आणि संशय घ्यायला घरात एकच माणूस होतं.

गाठोडं गोमतीनंच बांधलं, करकचून. शेषराव खाली मान घालून म्हणाला, "रिसोडची गाडी येईनच आता." सासरी बहिणीला कोणी दारात उभं करणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यली तू," केशरबाई म्हणाली. "नवरात्रात पोरीनं तुह्यासंगं उपास धरले. तवा दुखलं काय तिचं पोट?"

"तवा देवीच्या धाकानं तुमी देलं नसन."

आजही उपास होता, सोमवारचा. गोमतीनं तणतणत बटाट्याच्या भाजीला जिऱ्याची फोडणी घातली. रागाच्या भरात हात हिंगाच्या डबीकडं गेला, आणि मागं आला.

शेषरावला बोलायला काहीतरी हवंच होतं. "टाक ना. वास तरी येईन."

"उपास हाय आज. बाजारच्या डबीतल्या हिंगात कणीक कालवलेली असते, उपास मोडते," गोमती सवयीनं बोलून गेली.

जिरं करपायला लागलं. रुखमीनं आत्याचा पदर सोडला.

"मंग माह्या वरणात रोज काहून टाकते, माय?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. गोमती गाठोड्यापाशी बसली आणि गाठ सोडू लागली. तिनंच मारलेली ती, दातानंही सुटेना.